सदाफुली : गॅलरींतल्या डब्यांतील परदेशी पाहुणी

फुलबागेवरील इंग्रजी पुस्तकें ज्यांनीं हौसेनें चाळलीं असतील, त्यांस जिरेनियम या झाडाचें नांव अपरिचित नसेल. थंड मुलखांतील बागवानांचा या झाडावर मोठा लोभ. हिवाळ्यांत त्याचा पाला झडून जातो, पण बर्फाखालीं मुळें जिवंत राहतात. वसंत ऋतु आला कीं त्याच मुळांतून पुन्हां पालवी फुटते, आणि हा क्रम वर्षानुवर्षें चालतो. एकदां लावलें कीं फारशी निगा न ठेवतांही जीं झाडें टिकतात, त्यांत जिरेनियमची गणना होते. हें वर्णन वाचून आपल्यापैकीं एखाद्यानें गिरगांवांत किंवा दादरला आपल्या गॅलरींत तें लावून पाहिलें, तर काय होईल? मुंबईंत वर्षाला सुमारें २२०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बर्फाला न डगमगणारें हें झाड आपल्या आषाढ-श्रावणांतल्या दमट उष्म्यांत मुळांशीं कुजूं लागतें. चिवटपणा हा गुण ज्या त्या हवेपुरता असतो, ही गोष्ट पुस्तकांत क्वचितच ठळकपणें सांगितलेली असते.

मग मुंबईच्या हवेंत जिरेनियमचें काम कोणतें झाड करतें? माझ्या मतें सदाफुली. आज मी तिचाच इतिहास आपणांपुढें मांडणार आहें. राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास आपण नित्य ऐकतों. एका डब्यांतल्या झाडाचा इतिहासही ऐकण्याजोगा असूं शकतो. हा इतिहास मादागास्कर बेटापासून निघून पॅरिस, लंडन, जमेका आणि कॅनडा असा फिरत अखेर आपल्या परळला येऊन पोहोंचतो.

प्रथम नांवाची गोष्ट. आपण कुंड्यांतून जें लाल फुलांचें जिरेनियम पाहतों, तें मुळीं खरें जिरेनियमच नव्हे. तें दक्षिण आफ्रिकेंतून आलेलें निराळें झाड. १७८९ सालीं लेरितिये या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याला वेगळें काढून पेलार्गोनियम असें नांव दिलें. परंतु लोकांच्या तोंडीं जुनेंच नांव राहिलें. सदाफुलीचेंही तसेंच झालें. तिचें माहेर मादागास्कर. अठराव्या शतकाच्या मध्यास तिचें बीं फ्रान्सच्या राजबागेंत आलें आणि तेथून लंडनजवळच्या चेल्सी येथील औषधी बागेचा प्रमुख फिलिप मिलर याच्या हातीं पडलें. युरोपांत विंका नांवाची एक निळ्या फुलांची रांगती वनस्पति आहे. तिच्याशीं साम्य पाहून लिनियसनें १७५९ सालीं या नव्या पाहुणीस ‘विंका रोझिआ’ असें नांव दिलें. पुढें १८३७ मध्यें जॉर्ज डॉन यानें ती स्वतंत्र जात असल्याचें ओळखून तिला ‘कॅथरँथस’ या गटांत घातलें. या ग्रीक शब्दाचा अर्थ शुद्ध किंवा निर्मळ फूल असा होतो. तथापि रोपवाटिकांतून आजही विंका हेंच नांव चालतें. श्रोत्यांनीं हें जुनें नांव ध्यानांत ठेवावें, कारण पुढें एका महत्त्वाच्या प्रसंगीं त्याची गांठ पडणार आहे.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत युरोपीय जहाजांबरोबर ही वनस्पति उष्ण कटिबंधांत सर्वत्र पसरली. चरक-सुश्रुतांच्या संहितांत तिला स्थान नाहीं; असणार तरी कसें? परंतु आपल्या लोकांनीं तिला इतक्या सहजतेनें घरांत घेतलें कीं ती बाहेरची आहे याचा कोणास संशयही येत नाहीं. मराठींत ती सदाफुली झाली, हिंदींत सदाबहार, गुजरातींत बारमासी, तमिळमध्यें नित्यकल्याणी. बंगाली लोकांनीं तिच्या मधल्या ठिपक्याकडे पाहून तिला नयनतारा म्हटलें. बाकी सर्वांचें लक्ष एकाच गुणाकडे गेलें : ही बारा महिने फुलते.

मुंबई शहरांत बागाईची हौस पद्धतशीर रीतीनें रुजली, तिचाही एक इतिहास आहे. ‘ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी’ नांवाच्या संस्थेची बाग पूर्वीं शिवडीस होती. मुंबई व भोंवतालच्या प्रदेशांतील वनस्पतींची एक यादी जॉन ग्रॅहम यानें तयार केली. हा गृहस्थ पेशानें टपालखात्यांतला अधिकारी. १८३९ सालीं खंडाळ्यास त्याचा अंत झाला आणि त्याच वर्षीं त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढें भायखळ्यास मोठी बाग उभारण्यांत आली आणि १८६२ च्या नोव्हेंबरमध्यें गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्तें ती खुली झाली. हीच आपली राणीची बाग, जिला आतां वीरमाता जिजाबाई भोसले यांचें नांव आहे. या बागेच्या आरंभीच्या कार्यांत डॉक्टर जॉर्ज बर्डवुड आणि आपले डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचा हात होता. शिवडीची जुनी बाग मात्र लौकरच स्मशानभूमीकडे गेली. भायखळ्याच्या बागेंत देशोदेशींचे वृक्ष लागले, त्यांची निगा राखण्यास माळी आले, आणि रविवारीं मुलांस घेऊन तीं झाडें पाहण्यास गिरगांवांतून व परळहून माणसें जाऊं लागलीं.

सदाफुलीला माळ्याची गरज लागली नाहीं. गिरणगांवांत कापडाच्या गिरण्या वाढत गेल्या, तशा कामकऱ्यांच्या चाळीही वाढत गेल्या. १९२० च्या दशकांत सरकारच्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी आणि परळ येथें ज्या चाळी बांधल्या, त्यांतील खोलीचें क्षेत्रफळ अवघें १६० चौरस फूट होतें. तेवढ्या जागेंत कोंकणांतून, घाटावरून आलेलें एक बिऱ्हाड, त्यांत पुन्हां गांवाकडचा एखादा पाहुणा. बाग म्हणून काय लावावयाचें आणि कोठें? गॅलरीच्या कठड्यावर रॉकेलचा किंवा वनस्पति तुपाचा रिकामा डबा ठेवावा आणि त्यांत एक तुळस व एक सदाफुली लावावी, एवढेंच शक्य होतें. तुळशीला पूजा मिळाली, संध्याकाळचा दिवा मिळाला. सदाफुलीचें बीं वाऱ्यानें किंवा मुंगीनें शेजारच्या भिंतीच्या फटींत नेलें, तर ती तेथेंही उगवली. पन्हळाच्या तोंडाशीं, गच्चीच्या कोपऱ्यांत, पडक्या कुंपणाच्या पायथ्याशीं ती आपण अजूनही पाहतों. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याचें तिला भय नाहीं. तिच्या कडू रसामुळें शेळी तिला तोंड लावीत नाहीं.

ती लावण्याची रीत ऐकण्यासारखी आहे, कारण येथें माणसें बहुधा उणेपणानें नव्हे, तर अधिक काळजीनें झाड घालवितात. डब्याच्या बुडाला खिळ्यानें पांच-सहा भोकें पाडावीं आणि वर विटेचे तुकडे पसरावे. माती भुसभुशीत असावी. दोन भाग मातीस एक भाग वाळू आणि थोडें जुनें कुजलेलें शेणखत पुरें. बीं बारीक व काळें असतें. तें उजेडांत नीट रुजत नाहीं, म्हणून त्यावर बोटाच्या अर्ध्या पेराइतका मातीचा थर द्यावा. रोप वीतभर झालें म्हणजे त्याचा शेंडा खुडावा, म्हणजे बाजूनें फांद्या फुटून झुडूप भरदार होतें. ऊन जितकें अधिक तितकीं फुलें अधिक. पाणी मात्र वरची माती कोरडी लागल्याशिवाय देऊं नये. पावसाळ्यांत डबा आढ्याखालीं सरकवावा. सतत भिजलेल्या मातींत बुरशी धरते आणि वरून टवटवीत दिसणारें झाड दोन दिवसांत मान टाकतें. दसऱ्याच्या सुमारास जुन्या फांद्या अर्ध्यावर छाटल्या तर पुन्हां नवा फुटवा येतो. झाड तीन-चार वर्षांचें होऊन लांकूड धरूं लागलें, कीं त्याच्याच बियांतून नवें रोप करावें.

मी शाळेंत निसर्गपाठ शिकवीत असें, तेव्हां फुलाचे भाग दाखविण्यास हेंच फूल बरें पडे. पांच पाकळ्या, खालीं त्यांची जुळून झालेली बारीक नळी, आणि नळीच्या तोंडाशीं आंत दडलेले पुंकेसर. फूल झडल्यावर दोन सडपातळ शेंगा जोडीनें उभ्या राहतात. मुलांस फूल तोडण्याची मोकळीक देतां येई. तोडलें म्हणून कोणी रागावत नसे. तिला फारशी किंमत नव्हती, हेंच त्याचें कारण. पूजेच्या परडींत जास्वंद, मोगरा, अनंत यांच्या मागून तिचा नंबर. वेणींत तर तिला कोणी माळीत नाहीं. पिकतें तेथें विकत नाहीं, ही म्हण तिला पुरेपूर लागू पडते.

आतां या कहाणीचा दुसरा अध्याय. सदाफुली जेथें जेथें गेली, तेथें तेथें लोकांनीं तिच्या पाल्याचा औषधासारखा उपयोग करून पाहिला, आणि निरनिराळ्या देशांत मधुमेहावर तिचा काढा घेण्याची चाल पडली. आपल्याकडेही सकाळीं उठून तिचीं पानें किंवा फुलें चावून खाणारीं माणसें आढळतात. १९५२ सालीं जमेकांतील डॉक्टर जॉन्स्टन यांनीं या झाडाचीं पंचवीस पानें एका पाकिटांत घालून कॅनडांतील डॉक्टर क्लार्क नोबल यांजकडे पाठविलीं. इन्शुलिन मिळेना तेव्हां आपले रोगी या पाल्याचा काढा घेतात, तरी त्यांत कांहीं तथ्य आहे का हें पाहावें, अशी त्यांची विनंती होती. क्लार्क नोबल यांनीं तें पाकीट आपले बंधु रॉबर्ट नोबल यांस दिलें. हे वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठांत संशोधन करीत होते.

रॉबर्ट नोबल यांनीं पाल्याचा अर्क उंदरांना पाजून पाहिला. रक्तांतील साखर होती तेवढीच राहिली. अनेकांनीं येथेंच वही मिटली असती. त्यांनीं तोच अर्क शिरेंतून टोंचून पाहिला. साखर याही वेळीं हलली नाहीं, पण उंदीर आठवड्याभरांत मेले. कशानें मेले, म्हणून शोध घेतां असें दिसलें कीं, त्यांच्या अंगांत ठिकठिकाणीं पू झाला होता. रोगजंतूंशीं झगडणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तांतून जवळजवळ नाहींशा झाल्या होत्या. विचारला होता साखरेचा प्रश्न, आणि उत्तर आलें रक्ताविषयींचें. ज्या द्रव्यानें निरोगी उंदराच्या पांढऱ्या पेशी नाहींशा होतात, तें द्रव्य ज्या माणसाच्या रक्तांत पांढऱ्या पेशींचा अनावर सुळसुळाट झाला आहे त्याला उपयोगी पडेल काय? १९५४ पासून चार्लस बीअर हे रसायनशास्त्रज्ञ त्यांच्या मदतीस आले, आणि दोघांनीं मिळून तें द्रव्य पाल्यांतून शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. १९५८ सालीं त्यांनीं हें काम प्रसिद्ध केलें. त्या निबंधाच्या मथळ्यांतच त्यांनीं आकस्मिकपणें दिसलेल्या गोष्टींच्या महत्त्वाचा उल्लेख केला होता. त्याच सुमारास अमेरिकेंत इलाय लिली या औषधी कंपनीचे शास्त्रज्ञही याच झाडावर स्वतंत्रपणें काम करीत होते. अशा रीतीनें दोन औषधें तयार झालीं. अमेरिकेंत पहिल्यास १९६१ सालीं आणि दुसऱ्यास १९६३ सालीं मान्यता मिळाली. त्यांचीं नांवें विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन. वनस्पतिशास्त्रानें जें जुनें चुकीचें नांव टाकून दिलें होतें, तें विंका हेंच नांव या औषधांच्या कपाळीं कायमचें कोरलें गेलें.

हीं औषधें काय करतात, तें थोडक्यांत सांगतों. शरीरांतील पेशी दुभंगून तिच्या दोन पेशी होतात, त्या वेळीं आंत अतिसूक्ष्म तंतूंचें एक जाळें उभें राहतें आणि तें वारशाचीं द्रव्यें दोन बाजूंस सारखीं ओढून घेतें. गिरणगांवच्या श्रोत्यांस मागावरचा ताणा डोळ्यांपुढें आणतां येईल. सदाफुलीचें द्रव्य हा ताणाच उभा राहूं देत नाहीं. मग पेशी दुभंगत नाहीं आणि मरते. कर्करोगाच्या पेशी अतिशय वेगानें दुभंगतात, म्हणून त्यांच्यावर घाला मोठा बसतो.

आतां आपण परळला येऊं. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचा १९३१ सालीं वेल्समध्यें रक्ताच्या कर्करोगानें, म्हणजे ल्यूकेमियानें, अंत झाला. पुढच्याच वर्षीं सर दोराबजीही निवर्तले. मेहेरबाईंच्या स्मरणार्थ १९३२ सालीं या रोगाच्या संशोधनास साहाय्य करणारा विश्वस्त निधि स्थापन झाला. आणि दोराबजींच्या विश्वस्त निधीनें परळला कर्करोगाचें इस्पितळ बांधलें. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा मेमोरियल इस्पितळ उघडलें, तेव्हां तेथें ८० खाटा होत्या. १९६२ सालीं त्याचा कारभार अणुशक्ति खात्याकडे गेला. त्या खात्याचे प्रमुख डॉक्टर होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे, त्यांच्या सख्ख्या भावाचे पुत्र.

या तारखा एकापुढें एक ठेवून पाहाव्या. १९३१ सालीं मेहेरबाई गेल्या, तेव्हां पैसा, वैद्यक आणि प्रवास यांची कसलीही वाण नव्हती. पण जगांत कोठेंही त्यांच्या रोगावर उतारा नव्हता. १९४१ सालीं इस्पितळ उघडलें, तेव्हां शस्त्रक्रिया होती, रेडियम होतें, क्ष-किरण होते. रक्ताच्या कर्करोगावर कांहीं नव्हतें. असा रोग झालेलें मूल थोडक्या महिन्यांत जात असे. आणि त्या सबंध काळांत इस्पितळाभोंवतींच्या चाळींच्या कठड्यांवर, शंभर पावलांच्या अंतरावर, सदाफुली फुलत होती. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा असें म्हणण्याचा मोह होतो. पण तें अन्यायाचें होईल. कळसा काखेंत आहे हें कळण्यासच तो सारा वळसा घ्यावा लागला.

पुढें विनक्रिस्टिन हें इतर औषधांच्या जोडीनें मुलांच्या ल्यूकेमियावर वापरलें जाऊं लागलें. १९८० च्या दशकांत टाटा इस्पितळांत डॉक्टर सुरेश अडवाणी व त्यांचे सहकारी यांनीं, मद्रास व दिल्ली येथील इस्पितळांच्या बरोबरीनें, आपल्या देशांतील परिस्थितीस झेपेल अशी एक ठराविक उपचारपद्धति राबविली. तींतही विनक्रिस्टिनला महत्त्वाचें स्थान होतें. पूर्वीं जेथें थोडींच मुलें वांचत, तेथें सुमारें निम्मीं मुलें वांचूं लागलीं. आणि श्रीमंत देशांत तर आज दहांपैकीं नऊ मुलें बरीं होतात. अर्थात् हें श्रेय एकट्या सदाफुलीचें नाहीं. अनेक औषधें, रक्तपेढ्या, परिचारिका, आणि गांवाकडचें घरदार सोडून मुलासाठीं मुंबईंत राहिलेले आईबाप, या सर्वांचें तें आहे. दादरला संत गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा आहे. तेथें असे आईबाप उतरतात. ज्या झाडाच्या अर्कावर त्यांची आशा असते, तें त्यांच्या परसदारींही पुष्कळदां उगवलेलें असतें.

येथें एक गोष्ट मला आग्रहानें सांगावयाची आहे. हा इतिहास ऐकून कोणी म्हणेल, “मग इस्पितळांत कशाला जावयाचें? घरच्याच झाडाचा काढा करूं!” श्रोतेहो, हा विचार जिवावर बेतणारा आहे. शेकडो किलो सुका पाला घ्यावा, तेव्हां त्यांतून हें औषध जेमतेम एक ग्रॅम निघतें. प्रौढ रोग्यासही एका वेळीं विनक्रिस्टिन साधारणतः दोन मिलिग्रॅमपेक्षां अधिक देत नाहींत, आणि तेंही शिरेंतून, रक्ताची तपासणी करीत. काढ्यांत तें किती उतरलें, हें कोण मोजणार? त्याखेरीज पाल्यांत इतरही अनेक तीव्र द्रव्यें असतात. मधुमेहावर खात्रीचा उपाय म्हणूनही हा पाला मान्यता पावलेला नाहीं. सकाळीं पानें चावण्याची जी चाल घराघरांत आहे, ती सोडून देणें श्रेयस्कर. गरोदर स्त्रियांनीं तर तिच्या वाटेसही जाऊं नये, आणि रांगत्या मुलाच्या हातीं पानें लागणार नाहींत अशा उंचीवर डबा ठेवावा. पी हळद आणि हो गोरी, हा न्याय वैद्यकांत चालत नाहीं.

लोकांचा अनुभव टाकाऊ नसतो. जमेकांतील रोग्यांनीं हा पाला घेतला नसता, तर तें पाकीट कॅनडाला गेलेंच नसतें. पण लोकांनीं ज्या रोगासाठीं तो घेतला, त्या रोगावर प्रयोगांत त्याचा गुण दिसला नाहीं. गुण निघाला तो निराळ्याच ठिकाणीं, आणि तो पारखण्यास सहा वर्षें वही, तराजू आणि सूक्ष्मदर्शक घेऊन बसावें लागलें. आजीबाईच्या बटव्याचा अभिमान धरणारे आणि त्याची थट्टा करणारे, अशा दोन्ही पक्षांनीं या सहा वर्षांचा विचार करावा. शिवाय ज्या मादागास्करहून हें बीं निघालें, त्या बेटाच्या पदरीं या औषधांच्या उत्पन्नांतून कांहींच पडलें नाहीं, हेंही नमूद केलें पाहिजे.

दसरा-दिवाळीच्या दिवसांत पाऊस ओसरलेला असतो. सदाफुलीच्या शेंगा पिवळसर झाल्या म्हणजे त्या फुटण्यापूर्वीं तोडाव्या, कागदाच्या पुडींत सुकवाव्या आणि बीं शेजारच्या बिऱ्हाडासही द्यावें. तें विकत घेण्याची वेळ मुंबईंत कोणावर येऊं नये. फूल तोडतांना मुलांनीं विचारलें, तर ही मादागास्करची आहे, एवढें तरी त्यांस सांगावें. आणि थोडीं मोठीं असलीं, तर परळच्या इस्पितळाचीही गोष्ट सांगावी.